हजेरीपटावरच्या आमच्या बाया

१

अलीकडे विकासाच्या क्षेत्रात 'लिंगनिहाय आकडेवारी' हा शब्द फार ऐकू येतो. दुष्काळ, पूर, साथ असे कोणतेही संकट आले की त्यात बाया किती सापडल्या, पुरुष किती सापडले, मदत कोणाच्या हातात किती पडली, हे वेगवेगळे नोंदवले पाहिजे असा आग्रह धरला जातो. २०१५ च्या मार्चमध्ये जपानातील सेंदाई येथे जगातील राष्ट्रांनी आपत्तीचा धोका कमी करण्याचा जो आराखडा स्वीकारला, त्यातही लिंग, वय आणि अपंगत्व यांनुसार माहिती ठेवावी असे म्हटले आहे. आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, जिल्ह्याचे आपत्ती आराखडे आणि विद्यापीठांतील चर्चासत्रे यांतून हाच शब्द फिरतो आहे.

या आग्रहाचे मी स्वागत करतो. जे मोजले जात नाही ते मागता येत नाही, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हाच वाद पेटला होता. मताधिकाराचा प्रश्न निघताच प्रांतोप्रांतीच्या सवर्ण पुढाऱ्यांना आपल्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच असा साक्षात्कार झाला. बाबासाहेबांनी त्या समितीत बसून या लबाडीशी झुंज दिली आणि पुढे त्यावर सविस्तर लिहिले. आकडा हे राजकारण असते, हा धडा आपण तेथे घेतला आहे.

पण त्याच धड्याचा दुसरा अर्धा भाग असा की, कोणताही आकडा समोर आला की त्याचे मूल्यमापन करावे. नवा शब्द आला म्हणून मान डोलावू नये. संकटकाळातील स्त्रियांच्या नोंदीचा कोणताही प्रकल्प मी चार प्रश्नांवर तपासू इच्छितो. मोजण्याचे एकक कोणते? रकाने कोणते? कागद कोणाच्या ताब्यात? आणि मोजून झाल्यावर पुढे काय? हे प्रश्न मी आमच्या खानदेशातील नोंदींना विचारणार आहे, कारण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील दुष्काळ, पूर आणि साथ मी घरातून पाहिली किंवा ऐकली आहे.

२

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. शिंदखेडा तालुक्यातील आमच्या वस्तीतील बहुतेक सगळ्याच बाया होत्या. त्या दुष्काळाबद्दल मी काही वाचतो आहे हे कळल्यावर तिने मला विचारले, "त्यामा मनं नाव शे का रे भाऊ?" मी हसलो. सरकारी अहवालात कोणाचे नाव नसते, आकडे असतात, असे तिला समजावले. पण प्रश्न तिचाच बरोबर होता. ती त्या आकड्यांत तरी होती का?

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात सलग अवर्षण पडले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि त्या रस्त्यांसाठी खडी अशी ही कामे होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर माणसे जगली. हे सारे इतिहासात नोंदले गेले आहे आणि त्याबद्दल तेव्हाच्या शासनयंत्रणेला श्रेयही दिले जाते. भूकबळींचा आकडा पूर्वीच्या दुष्काळांसारखा वाढू दिला नाही हे खरेच आहे.

पण खडीचे काम कसे मोजले जाई ते आजीकडून ऐकावे. खडीचा ढीग लावायचा, त्याचे माप घ्यायचे आणि ब्रासवर पैसे द्यायचे. आजोबा घणाने डबर फोडत. आजी हातोडीने त्याची खडी करी, पाटीतून वाहून ढीग लावी, मधल्या वेळात झाडाला बांधलेल्या झोळीतल्या पोराला पाजून येई. ढीग एक, आणि ढिगावर नाव आजोबांचे. आठवड्याला पैसे मुकादमाने आजोबांच्या हातावर ठेवले. आजीने किती ब्रास फोडली हे कोठे लिहिले नाही, कारण तिचा ढीगच नव्हता.

आमच्या शेजारी एक टाकलेली बाई राहत होती. नवऱ्याने दुसरी केली आणि ही भावाच्या दारी आली. तिला एकटीला ढीग मिळेना. घण उचलणारा गडी नसेल तर ढीग कसा व्हायचा, असे मुकादमाचे म्हणणे. शेवटी ती भावाच्या ढिगावर राबली आणि तिचा पैसा भावजयीच्या डब्यात गेला. कामावर हजर असून ती कोणत्याच कागदावर कामावर नव्हती.

यावर आणखी एक थर आहे, तो लिंगनिहाय आकडेवारीवाल्यांच्या लक्षात सहसा येत नाही. आमच्या वस्तीने बाबासाहेबांच्या मागे धम्म घेतला होता. १९७१ च्या जनगणनेत घरोघर 'बौद्ध' असे लिहिले गेले. त्या काळी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. ती १९९० साली मिळाली. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या, पण जनगणनेच्या अनुसूचित जातींच्या तक्त्यात आम्ही नव्हतो. म्हणजे दुष्काळाच्या तोंडावर माझी आजी मजूर म्हणून नवऱ्याच्या नावात गेली आणि दलित म्हणून धर्माच्या रकान्यात गेली. तिने स्वाभिमानाने घेतलेल्या निर्णयाची किंमत तक्त्याने अशी वसूल केली.

३

बाया वेगळ्या मोजल्या म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांनी इंग्रजांच्या दुष्काळी छावण्यांचा इतिहास पाहावा. १८७६-७७ च्या दुष्काळातील आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहितांतील नोंदी बाई, पुरुष, मूल अशा चोख विभागलेल्या असत. लिंगनिहाय आकडेवारीच ती! ती कशासाठी होती? बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देता यावी आणि मुलाला त्याहून कमी देता यावी, यासाठी. पोटाला किती धान्य पुरते याचा हिशेब साहेबाने मांडला आणि बाईचे पोट लहान ठरवले. मोजणी वेगळी होती, हेतू तिजोरी वाचवण्याचा होता.

त्याच दुष्काळात दुसरी एक नोंद झाली. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. सत्यशोधक समाजाच्या कामासाठी त्या तेथे होत्या. गावांची अवस्था, सावकारांची वागणूक, कार्यकर्त्यांवर आलेले प्रसंग आणि मदतीची सोय, असे सारे त्या पत्रात आहे. जी बाई संकटात उभी राहून मदत करते आहे, तीच लिहिते आहे. तिच्या पत्रात तक्ता नाही, पण संकट कोणावर कोसळले आणि त्यातून कोणी कमाई केली हे कळते. या मातीत बाईने केलेल्या संकटाच्या नोंदीची परंपरा शोधायची तर ती मला येथे दिसते.

म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा: आकडेवारी लिंगनिहाय आहे की नाही एवढ्यावर प्रकल्पाचे मूल्य ठरत नाही. ती बाईला देण्यासाठी आहे की बाईचे कापण्यासाठी, हे आधी पाहावे लागते.

४

आता रोजगार हमीकडे येऊ. तिच्याबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातील मजुराला काम देणारा हा कायदा होता. त्याची सर्वांत मोठी गोष्ट अशी की ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला त्याने कामाचा हक्क दिला. कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला. माझ्या आजीच्या शेजारची ती टाकलेली बाई या कायद्याने प्रथमच स्वतःच्या नावाने काम मागू शकत होती. एकाच कामाला बाई-पुरुष दोघांना एकच दर हे तत्त्वही येथे आले. निरनिराळ्या पाहण्यांत या कामांवरील स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आढळले. गावच्या पाटलाच्या शेतावर जी मजुरी मिळत नव्हती ती सरकारी कामावर मिळते हे कळल्यावर बाया कामावर लोटल्या, याचे आश्चर्य कशाला वाटावे?

त्याच वर्षांत शहादा तालुक्यात काय घडले ते आठवावे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत भिल बाया मोर्चात पुढे होत्या. त्यांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. कामावर एकत्र येणाऱ्या बाया एकमेकींना मोजू लागतात, हे या चळवळीने दाखवले. कोणत्याही प्रकल्पाने त्यांना सर्वेक्षणाचा फॉर्म दिला नव्हता.

पुढे २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला. २००६ च्या पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा होता, जळगावला तो नंतर लागू झाला. एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, नियमित सामाजिक अंकेक्षण व्हावे, अशा चांगल्या तरतुदी त्यात आल्या. पण हक्काचे एकक बदलले. शंभर दिवस कुटुंबाला मिळाले, जॉब कार्ड कुटुंबाचे झाले. भावाच्या घरी राहणारी टाकलेली बाई, सासऱ्याच्या कार्डावर नाव असलेली विधवा, सवतीबरोबर एका कार्डात बसवलेली बाई, या साऱ्यांचे दिवस घरातल्या कर्त्याने वाटायचे. जी चूक बहात्तर साली मुकादमाच्या ढिगावर होत होती, तीच कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. नाव बदलले, दिवस सव्वाशे झाले. एकक मात्र कुटुंबच राहिले. आपल्या कार्यकर्त्यांनी या बदलावर निधीच्या अंगाने पुष्कळ टीका केली आणि ती योग्यच आहे. पण एककाचा प्रश्न त्या टीकेत मला फारसा दिसला नाही, याचे दुःख वाटते.

एककाची ही गोष्ट सरकारपुरती नाही. धुळे-नंदुरबारकडचे आदिवासी आणि चाळीसगाव-पारोळ्याकडचे भूमिहीन ऊसतोडीला जातात, तेव्हा नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. उचल नवऱ्याच्या नावावर असते. कोयता हे हत्यार आहे की माणूस, की दीड माणूस? साखर कारखानदारीच्या हिशेबात दोन जिवांचे एकच हत्यार झाले आहे आणि त्यात बाई कोणती बाजू धरते, पाते की मूठ, हे कोणी विचारत नाही.

५

दुसरा प्रश्न रकान्यांचा. केंद्राच्या रोजगार हमीचे दर्शनी तक्ते मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना दाखवत आलो. त्यात मनुष्यदिवसांपैकी अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, स्त्रियांचे किती, असे आकडे शेजारी शेजारी दिलेले असत. स्त्रियांचा आकडा चांगला दिसे, त्यावर टाळ्याही पडत. पण मी विद्यार्थ्यांना विचारी, यात मातंग बाई कोठे आहे? ती स्त्रियांत आहे की अनुसूचित जातीत? दोन्हींत आहे, असे ते म्हणत. दोन्हींत आहे म्हणजे नेमकी किती आहे? त्याला उत्तर नसे. हजेरीपटावर तिचे नाव आणि घराची जात दोन्ही असतात. बेरीज करून वर पाठवताना दोन्ही सुटी होतात. कामावरून परत पाठवलेल्यांत तिची संख्या जास्त आहे का, तिची मजुरी उशिरा येते का, हे प्रश्न तक्त्याला विचारताच येत नाहीत.

सेंदाईच्या आराखड्याकडे पुन्हा पाहा. लिंग आले, वय आले, अपंगत्व आले. जात नाही. जगाच्या बैठकीला जात दिसली नाही असे समजून सोडून देता आले असते. पण आपला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा लिंग, जात, जमात, वंश, धर्म यांवरून मदतीत भेदभाव करू नये असे स्पष्ट सांगतो. कायद्याला जात ठाऊक आहे. मग भेदभाव झाला की नाही हे पाहण्याचा तक्ता का नाही? चाळीसगावात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. अशा पुरानंतर पंचनामे होतात ते घराचे, जनावराचे, पिकाचे, खरवडून गेलेल्या शेताचे. पिकाची मदत सातबाऱ्याच्या मागे जाते. बटाईने केलेल्या वाफ्यात जिचे कष्ट वाहून गेले, बांधावरचे गवत विकून जिची चूल पेटते, तिचे काय गेले हे पंचनाम्याला दिसत नाही, कारण जे गेले ते तिच्या नावावर कधीच नव्हते. येथे लिंगनिहाय आकडेवारी काढाल तर सातबारा असलेल्या बाया किती आणि पुरुष किती एवढेच निघेल. वस्तीतली बाई त्या दोहोंच्या बाहेर आहे.

याउलट जातीचा रकाना नको तेथे कसा वापरला जातो तेही पाहा. २०२१ साली केंद्राने रोजगार हमीची मजुरी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा तीन वाटांनी द्यायला सुरुवात केली. एकाच कामावरच्या मजुरांचे पैसे वेगवेगळ्या दिवशी येऊ लागले, तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षी हा प्रकार थांबवावा लागला. भेदभाव शोधण्यासाठी जात नोंदवायची तेथे नोंदवली नाही, आणि घामाचे पैसे वाटताना मात्र ती आठवली!

६

तिसरा प्रसंग कोरोनाचा. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील मृत्युदराची चर्चा देशभर झाली. दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ साली, राज्य शासनाने साथीत विधवा झालेल्या स्त्रियांसाठी आणि अनाथ मुलांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केले आणि तालुक्यातालुक्याला समित्या नेमल्या. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणानंतर मृताच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्यही ठरले. सरकारने विधवेला शोधत तिच्या दारी जावे ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. ती स्वागतार्ह होती आणि राज्यातील एकल महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी घेतलेले कष्टही मोठे होते.

त्या काळात मी काही विद्यार्थ्यांना घेऊन एका सर्वेक्षणात काम केले. कोणाचे सर्वेक्षण ते येथे महत्त्वाचे नाही, कारण चूक माझी सांगायची आहे. एका मातंग वस्तीत एका बाईचा नवरा घरीच दम लागून गेला होता. दवाखान्यात नेलेच नाही, चाचणी झालीच नाही. त्यामुळे मृत्यूचे कारण कागदावर वेगळे पडले आणि मदतीच्या यादीतून ती बाहेर गेली. हे मला कळत होते, त्याची चीडही येत होती. त्याच चिडीत मी फॉर्म भरत होतो. व्यवसायाच्या रकान्यात मी तिला न विचारताच 'गृहिणी' लिहिले. माझ्या एका विद्यार्थिनीने ते तिला वाचून दाखवले. बाई म्हणाली, "सर, घरात बसलेली मी कधी पाहिली तुम्ही?" तिच्या बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. वर्षातील कितीतरी महिने ती दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जात होती, आणि साथीच्या काळात तिची ती मजुरी बुडाली होती. माझ्या एका शब्दाने ती बुडालेली मजुरी कागदावरून नाहीशी झाली.

घरी आल्यावर मला आठवले, अकरावीच्या प्रवेशअर्जापासून पदव्युत्तर अर्जापर्यंत मी आईच्या नावापुढे 'गृहिणी' हेच लिहीत आलो होतो. माझी फी तिने निंदणी-खुरपणीच्या पैशांतून भरली होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. लिहिण्याची सत्ता घरात प्रथम माझ्या हाती आली आणि तिचा पहिला वापर मी आईचे श्रम खोडण्यासाठी केला. हे लिहिताना मला लाज वाटते. पण ते लिहिले पाहिजे, कारण मुकादमावर आणि तक्त्यावर टीका करणारा मी त्याच लेखणीने लिहीत होतो.

७

आपल्यातील काही मित्र म्हणतील, जातीचा प्रश्न मोठा आहे, त्यात बाई-पुरुष असे वेगळे रकाने पाडून समाजात फूट कशाला? हा आक्षेप नवा नाही. अस्पृश्यांना वेगळे मोजू नका, हिंदू समाजात फूट पडेल, असे बाबासाहेबांनाही सांगितले गेले होते. जो युक्तिवाद आपण तेव्हा नाकारला तो आज आपल्या बायांपुढे करण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो? आणि स्त्री चळवळीतील काही मैत्रिणी म्हणतील, आधी स्त्रिया म्हणून तर मोजू द्या, जात नंतर पाहू. त्यांना मी सांगेन की बहात्तर सालापासून आम्ही या 'नंतर'ची वाट पाहत आहोत. १९९५ साली गोपाळ गुरू यांनी आणि १९९८ साली शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याचा प्रश्न मांडला, तो विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेला. हजेरीपटापर्यंत तो अजून आलेला नाही.

आपल्या चळवळीला मात्र वाट माहीत आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. आंबेडकरी चळवळीतील बायांना त्यांनी घरोघर जाऊन विचारले, नावे लिहिली, कामे लिहिली. पुढाऱ्यांच्या चरित्रांत ज्या 'यांची पत्नी' आणि 'यांची आई' म्हणून होत्या, त्या तेथे स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. मला हे पुस्तक साहित्याइतकेच मोजणीच्या शास्त्रातले वाटते. विचारणारी आणि सांगणारी एकाच दुःखाच्या, म्हणून प्रश्न चुकला तर सांगणारी तो दुरुस्त करू शकत होती.

तेव्हा संकटकाळातील स्त्रियांच्या नोंदीचा कोणताही प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आला तर त्याच्याकडे आपण काय मागावे? हक्काचे आणि मदतीचे एकक व्यक्ती असावी, कुटुंब नव्हे. एकट्या बाईला वेगळे कार्ड मिळावे. जात आणि लिंग यांची बेरीज वेगवेगळी न करता एकत्र तक्ता द्यावा, आणि त्यात बौद्ध, मातंग, चर्मकार, भिल, पावरा बाया दिसाव्यात. व्यवसायाचा रकाना बाईला विचारून भरावा. आणि यादी वर पाठवण्यापूर्वी ती वस्तीत मोठ्याने वाचली जावी. यातील शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कागद ज्याच्या ताब्यात राहतो त्याच्या बाजूने तो बोलू लागतो. एक सावधगिरीही हवी: वस्तीत वाचलेली नावे पोलिसाच्या किंवा सावकाराच्या वहीत जाणार नाहीत हे आधी ठरले पाहिजे. आपली मोजणी आपल्यावर पाळत ठेवण्यासाठीही झालेली आहे, हे भिल-पारध्यांना कोणी सांगायला नको.

केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर आपल्याकडे उत्साह आहे. पण जातींचा नुसता आकडा कळला आणि प्रत्येक जातीतील बाई कोणत्या कामावर, कोणाच्या नावाखाली राबते हे कळले नाही, तर पुढच्या दुष्काळात पुन्हा ढीग एकाच नावाचा लागेल. गणक तुमच्या दारी येईल तेव्हा त्याच्याशी बोलायला घरातला शिकलेला मुलगा पुढे होईल. माझी विनंती आहे की त्याने बाजूला सरावे आणि आईला बोलू द्यावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या वस्तीतील विहारात रोजगार हमीच्या कार्डांची यादी काढून वाचली. माझी एक विद्यार्थिनी वाचत होती, बाया ऐकत होत्या. वाचताना अर्ध्यावरच गलका झाला. एकीचे नाव तिच्या मेलेल्या सासूच्या नावाने चालू होते. दोघी विधवांची नावे दिरांच्या कार्डावर होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. रात्री उशिरापर्यंत आम्ही तीन अर्ज लिहिले. आजी भिंतीला टेकून बसली होती. तिचे वय झाले आहे, तिला आता काम मागायचे नाही. तरी तिने यादी शेवटपर्यंत ऐकली.